‘व्यक्तिमत्त्व विकास’ नावाच्या कपाटाविषयी: ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथनिवड समितीचे सदस्य आणि ग्रंथपाल,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये

सप्रेम नमस्कार.

अनुदानाचा हप्ता जमा झाला की आपल्याकडे ग्रंथखरेदीची धांदल उडते. बहुतेक ठिकाणी ती वर्षअखेरीलाच उडते, कारण खर्च ३१ मार्चच्या आत दाखवायचा असतो. विक्रेत्याची छापील यादी येते, सूट किती यावर दोन फोन होतात, दर्जाच्या निकषाला ग्रंथसंख्या पुरते ना हे बघितलं जातं आणि गठ्ठे उतरतात. मी तालुक्याच्या गावातल्या एका ग्रंथालयाची जुनी सभासद. काही वर्षं ग्रंथनिवड समितीवरही होते, म्हणून ही धांदल मला आतून ठाऊक आहे. तिची कुरकूर करायला हे पत्र लिहीत नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालयं तुटपुंज्या अनुदानावर आणि त्याहून तुटपुंज्या मानधनावर चालवणाऱ्यांना शहाणपण शिकवण्याचा मला अधिकार नाही. मला बोलायचंय ते एकाच कपाटाबद्दल.

ते कपाट आता जवळपास प्रत्येक ग्रंथालयात आहे. पाटी ‘व्यक्तिमत्त्व विकास’. आत यश, पैसा, वेळेचं नियोजन, सकाळी लवकर उठणं, लोकांवर छाप पाडणं यांवरची इंग्रजीतून आलेली भाषांतरं. बरीचशी घाईत केलेली, काही तर अशी की वाक्य दोनदा वाचल्यावर मूळ इंग्रजी वाक्य डोळ्यांपुढे उभं राहतं आणि मग कुठे अर्थ लागतो. शेजारी ‘धार्मिक’ कपाट. त्यातली निम्मी पुस्तकं संस्थांनी आणि मठांनी देणगी म्हणून दिलेली: माहात्म्यं, लीलाग्रंथ, प्रवचनांचे संच. देणगीला नाही म्हणायला कोणाची जीभ उचलत नाही, शिवाय दाखल नोंदवहीत आकडा वाढतो.

यातलं काहीही काढून टाका असं मी म्हणत नाही. स्पर्धापरीक्षेत दोनदा आपटलेल्या एखाद्या मुलाला अशा पुस्तकाने उभारी आली असेल तर मला आनंदच आहे. एखाद्या आजीला पोथीने दुपार सुसह्य होत असेल तर ती पोथी नीट बांधून ठेवा. पण या दोन्ही कपाटांची एक खोड सारखी आहे. वाचकाला प्रश्न पडायच्या आधीच ती उत्तर हातात ठेवतात. वाचक जसा आला तसाच, फक्त थोडा जास्त खात्रीने, परत जातो. असं तिसरं पुस्तक परत करताना तोच म्हणतो, ‘चांगलं आहे, पण सगळी सारखीच असतात हो.’ मग तो वाचायचा थांबतो किंवा रहस्यकथांकडे वळतो. रहस्यकथांत निदान शेवट आधी माहीत नसतो.

माणसाला आतून हलवणारी, स्वतःकडे नव्याने बघायला लावणारी पुस्तकं मराठीत कमी नाहीत आणि त्यातली कितीतरी तुमच्याकडे आधीपासून आहेत. फक्त ती या कपाटात नाहीत. ती ‘चरित्र-आत्मचरित्र’मध्ये खालच्या फळीवर आहेत, ‘संतवाङ्मय’ अशा चिठ्ठीखाली कुलूपबंद आहेत, ‘दलित साहित्य’ म्हणून वेगळी बसवली आहेत किंवा ‘संकीर्ण’ नावाच्या अडगळीत गेली आहेत. आत्मोन्नतीसाठी काही वाचायला द्या, असं विचारत आलेल्या वाचकाला तिकडे कोणी नेत नाही. माझी मागणी एवढीच आहे की ही पुस्तकं उचलून या कपाटात, डोळ्यांसमोरच्या फळीवर आणा.

निवडीसाठी मी एक कसोटी वापरते. लिहिणाऱ्याने स्वतःचं काही पणाला लावलेलं आहे का? घर, जात, अब्रू, नोकरी, देवावरचा विश्वास, निदान लोकांचं आपल्याबद्दलचं चांगलं मत? लावलं असेल तर पुस्तक वाचकाकडूनही काहीतरी मागतं. आता नावं सांगते.

पहिलं ‘निवेदन’. धर्मानंद कोसंबींचं आत्मकथन, १९२४चं. कोसंबी १८७६ साली गोव्यात, साखवाळला जन्मले. घरी नारळाच्या बागा, शिक्षण मोडकं-तोडकं, स्वभाव चंचल. घरातून निघायचे आणि परत यायचे. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि या माणसाचा धर्म मुळातून शिकायचा हे त्यांच्या डोक्यात बसलं. १८९९च्या अखेरीस ते घराबाहेर पडले ते पडलेच. आधी संस्कृत यायला हवं म्हणून पुणे, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रातलं जेवण. बौद्ध धर्म शोधायला नेपाळात गेले आणि तिथे जे दिसलं त्याने निराश झाले. मग बोधगया, कलकत्ता, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. पुढे हाच माणूस हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनाला बसला. आणि कलकत्ता विद्यापीठातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा पन्नास रुपये त्याने पत्करले, कारण महाराष्ट्रात राहून मराठीत लिहायचं होतं.

ही हकिगत एखाद्या यशोगाथेसारखी सांगता येते. कोसंबी ती तशी सांगत नाहीत, म्हणून हे पुस्तक मोलाचं. आपला आळस, आपलं वारंवार कच खाणं, मागे राहिलेली बायको आणि तान्ही मुलगी, यांतलं काही त्यांनी झाकलेलं नाही. ज्ञानाच्या ओढीने घर सोडणारा पुरुष आपल्याकडे थेट वंदनीय होतो. मागे राहिलेल्यांचं काय झालं हे विचारायची पद्धत नाही. ‘निवेदन’ वाचताना तो प्रश्न तुमच्या मनात उभा राहतो आणि पुस्तक संपल्यावरही तिथेच राहतो. पाठीवर थाप मारणाऱ्या दहा पुस्तकांपेक्षा वाचकाच्या मनात टिकून राहणारा असा एक प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. ‘निवेदन’ पातळ आहे, भाषा साधी आहे, अकरावी-बारावीतलं मूल सहज वाचेल.

त्याच्या शेजारी, अगदी चिकटून, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवा. कारण मागे राहिलेल्या बाईची बाजू इथे आहे, आणि ती हसत-हसवत सांगितलेली आहे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई ज्या घरात वाढल्या तिथे वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने सगळे जेरीस आलेले. अशा घरातल्या बाईवर नवऱ्याच्या धर्मांतराची बातमी कोसळते तेव्हा काय होतं, ते त्यांनी सांगितलं आहे. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहतात. मग त्या त्यांच्याकडे जातात, पण म्हणून लगेच त्यांचा धर्म घेत नाहीत. आपल्या मनातली सोवळ्याओवळ्याची आणि जातीची गाठ त्यांनी स्वतः, स्वतःच्या डोक्याने, हळूहळू सोडवली आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत जाऊन.

मला या पुस्तकाचं सर्वात कौतुक कशाचं वाटतं सांगू? टिळकांचा विसराळूपणा, त्यांचा लहरी दानशूरपणा, घरात पैसा नसताना त्यांनी घरी आणलेली माणसं, हे सगळं सांगताना लक्ष्मीबाई कुठेही हुतात्म्याचा आव आणत नाहीत. आध्यात्मिक वाढीच्या पुस्तकात विनोद असू शकतो, हे आपण विसरूनच गेलो आहोत. शाळेत फारशी न गेलेल्या या बाईने १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत हे पुस्तक दिलं. बायकांच्या वाचक-मंडळात आधी हे द्या. चर्चा पेटवायला दुसऱ्या कोणाची गरज लागणार नाही. प्रत्येकीकडे आपापला टिळक असतोच.

तिसरं नाव घेतलं की समितीत दोन खुर्च्या सरकतात, हे मला ठाऊक आहे. महात्मा फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. १८८८ साली पक्षाघाताने त्यांचं उजवं अंग गेलं. त्यानंतर त्यांनी हे डाव्या हाताने लिहिलं आणि ते छापून आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली. यात एका कुटुंबाचं चित्र आहे. बाईने बौद्धांचं पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, तिच्या नवऱ्याने जुना-नवा करार वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सार्वजनिक सत्यधर्म पाळावा आणि या सगळ्यांनी एका घरात एकमेकांचा हेवा न करता प्रेमाने राहावं, अशी ती कल्पना. त्या घरातला प्रत्येक जण काहीतरी वाचून आपला मार्ग ठरवतो, हे बघा. सार्वजनिक ग्रंथालयाच्या दारावर लावायला याहून चांगलं चित्र मला तरी दुसरं सुचत नाही. आणि आपण तेच पुस्तक ‘समाजसुधारक’ अशी चिठ्ठी लावून जयंती-पुण्यतिथीला हार घालण्यापुरतं बाहेर काढतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या समग्र फुले वाङ्मयात ते आहे. ते बाड कपाटात असेलच. त्यातला हा भाग कुठल्या पानापासून सुरू होतो, ते चिठ्ठीवर लिहून बाहेर डकवा. जाड खंड वाचकाला घाबरवतो, पान क्रमांक घाबरवत नाही.

डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चंही असंच झालं आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, ते गेल्यानंतर निघाला. मराठी भाषांतर सहज मिळतं. एका समाजाचा धर्मग्रंथ म्हणून तो वेगळा ठेवला जातो आणि बाकीचे वाचक त्याच्याकडे बघत नाहीत. दोघांचाही त्यात तोटा आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. आंबेडकर विचारतात की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा आजारी माणूस पाहिलाच नव्हता, हे कसं शक्य आहे? आणि मग ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेल्या भांडणाकडे, युद्धाला नकार देणाऱ्या तरुणाकडे नेतात. तुम्हाला ती मांडणी पटो वा न पटो. पवित्र मानलेल्या गोष्टीला श्रद्धेने जवळ घ्यायचं आणि तिला हिशेबही विचारायचा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी कशा करता येतात, ते इथे शिकायला मिळतं. नव्या वाचकाला सुरुवातीची प्रस्तावना नक्की वाचायला सांगा. बौद्ध धर्माविषयी स्वतःला पडलेले प्रश्न त्यांनी तिथे उघडपणे मांडले आहेत.

आता तुरुंगाकडे वळू. मराठीतल्या या जातीच्या पुस्तकांचा तुरुंगाशी विलक्षण संबंध आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेला १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलं. छापलं गेलं १९१५ साली. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात, १९३३च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली. आणि विनोबांची ‘गीता प्रवचने’ धुळ्याच्या तुरुंगातली. १९३२च्या २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार विनोबा कैद्यांपुढे बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं, म्हणून आज ते आपल्या हाती आहे.

यांतलं ‘गीता प्रवचने’ तुम्ही कपाटात नुसतं ठेवू नका. कोणी गीता वाचायला मागितली की आधी हे द्या. किंमत अगदी कमी, भाषा बोलण्याची, संस्कृत येत नसलं तरी काही अडत नाही. ‘गीतारहस्य’ चिकाटीच्या वाचकालाच द्यावं, हे माझं स्पष्ट मत. पहिल्या शंभर पानांत दमून माणूस गीतेवरच रुसतो. पण दोन्ही कपाटात असायला हवीत आणि त्यांच्या जोडीला ज्ञानेश्वरी. कारण एकाच गीतेतून टिळक कर्मयोग काढतात, ज्ञानेश्वर भक्तीत न्हालेलं अद्वैत काढतात आणि विनोबा रोजच्या कामातल्या, सूत कातण्यातल्या, स्वयंपाकातल्या मनाबद्दल बोलत राहतात. तिघेही मोठे, तिघेही मराठी, तिघांचं जमत नाही. हे बघितलेला वाचक पुन्हा कोणा बाबाच्या ‘गीतेचा खरा अर्थ एकच’ या वाक्याला फसणार नाही.

ज्ञानेश्वरांचं ‘अमृतानुभव’ मात्र थेट देऊ नका. आठशेच्या आसपास ओव्या, पण एकेक ओवी वाचकाला दिवसभर अडवून ठेवते. विंदा करंदीकरांनी १९८१ साली त्याचं अर्वाचीन मराठी रूप केलं ते द्या. मार्क्सकडे ओढ असलेला कवी तेराव्या शतकातल्या अद्वैती योग्याच्या इतक्या जवळ जाऊन बसतो, यातच विचार करण्यासारखं खूप आहे.

तुकारामाच्या गाथेबद्दल मी वेगळं काय सांगणार? सांगायचं ते निवडीबद्दल. ‘तुकारामांचे सुविचार’ किंवा ‘यशासाठी तुकाराम’ अशा धर्तीचं पुस्तक यादीत दिसलं तर त्यावर काट मारा आणि तेवढ्याच पैशांत पूर्ण गाथेची आणखी एक प्रत घ्या. गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत आणि त्यांतले कितीतरी सुविचार नाहीतच. ते रडणं आहे, देवाशी भांडण आहे, स्वतःच्या ढोंगाचा संशय आहे, दुष्काळाने मोडलेल्या संसाराचा हिशेब आहे. हे वगळून फक्त पाटीवर लिहिण्याजोग्या ओळी उचलल्या की तुकारामाचा मास्तर होतो. मुंबई सरकारने १९५० साली काढलेली गाथा पुढे पुन्हा पुन्हा छापली गेली. जुन्या ग्रंथालयांत ती असणारच. तिची बांधणी करून घ्या.

आणि गाथेजवळ संत बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग असू द्या. देवगावची ही ब्राह्मण मुलगी सतराव्या शतकातली. तुकारामाला गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला, तरी ना तुकाराम सोडला ना संसार. या कोंडीबद्दल ती स्वतः लिहिते. तीनशे वर्षांपूर्वीच्या बाईने, स्वतःच्या तोंडाने, मराठीत. गंमत बघा, वैजापूर तालुक्यात शिऊरला तिची समाधी आहे आणि आसपासच्या ग्रंथालयांतदेखील बहिणाबाई म्हटलं की फक्त खानदेशच्या बहिणाबाई चौधरी काढून देतात. त्या तर हव्यातच! लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईच्या ओव्या मुलाने आणि भाच्याने टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर, १९५२ साली, पुस्तक झालं. वाचनाने माणूस मोठा होतो असं आपण ग्रंथालयवाले फार ठासून सांगतो. त्या सांगण्याला उतारा म्हणून हे पुस्तक जवळ असलेलं बरं.

इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ महाभारतावरची समीक्षा म्हणून कपाटात बसलेलं असतं. १९६८चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक मी मुद्दाम या यादीत घेते. मयसभेचं कौतुक ऐकत आपण मोठे झालो. इरावतीबाई तिच्या मागचं जळणारं खांडववन दाखवतात, आणि त्यात होरपळणारे जीवही. ज्यांना आपण आदर्श म्हणून घरात टांगलं त्यांच्या हातूनही काय काय झालं, हे त्या शांतपणे मांडतात. असं वाचल्यावर माणूस स्वतःच्या घराण्याच्या, जातीच्या, गावाच्या अभिमानाकडेही वेगळ्या नजरेने बघू लागतो. व्यक्तिमत्त्वाचा विकास याहून वेगळा काय असतो, मला माहीत नाही.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं. लिहिणारा दया पवार आणि त्याच्या आतला दगडू मारुती पवार यांच्यातलं ते बोलणं आहे. शिकून-सवरून पांढरपेशा झालेला माणूस आपल्या मागच्या दगडूला भेटतो. लाज, राग, माया सगळं एकदम वर येतं. पहिल्या पिढीत शिकलेल्या कुठल्याही जातीच्या मुलामुलीला, गाव सोडून शहरात गेल्यावर घरच्या बोलीची लाज वाटलेल्या कोणालाही, हे पुस्तक आपलं वाटेल. ‘आत्मविश्वास कसा वाढवावा’ विचारणाऱ्या मुलाला मी ‘बलुतं’ देईन. लगेच वाढणार नाही कदाचित, पण तो गेला कुठे होता हे तरी कळेल.

आणि नरेंद्र दाभोलकरांचं ‘तिमिरातुनी तेजाकडे’. देव न मानणाऱ्यालाही आतली वाढ असते, तीही ग्रंथालयाने सांभाळायची असते. ‘साधना’ साप्ताहिक साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलं आणि पुढे दाभोलकर त्याचे संपादक झाले, त्यामुळे ‘श्यामची आई’च्या फळीवर हे पुस्तक परकं वाटायचं कारण नाही. माहात्म्यांच्या शेजारी ठेवलं तर उत्तमच. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला. जे म्हणायचं ते म्हणण्याची किंमत या लेखकाने किती मोजली, हे वेगळं सांगायला नको.

यादी इथे थांबवते. दुर्गाबाई भागवत, नरहर कुरुंदकर, विठ्ठल रामजी शिंदे, गांधीजींचे ‘सत्याचे प्रयोग’, सगळी डोळ्यांपुढे आहेत, पण पन्नास नावांची यादी दिली की ती फायलीला लागते आणि विषय संपतो.

यापुढचं मागणं मात्र पुस्तकांच्या नावांइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. आपल्या देवघेवीचे नियम कादंबरीसाठी केलेले आहेत. एक पुस्तक, आठ किंवा पंधरा दिवस, पुढे रोजचा दंड. नऊ हजार ओव्यांची ज्ञानेश्वरी पंधरा दिवसांत कोण वाचणार? वाचक ती नेतो, दोन अध्यायांत अडकतो, दंडाच्या भीतीने परत करतो आणि ‘आपल्याला नाही झेपत’ असं ठरवून मोकळा होतो. वाचकाला काही झालेलं नसतं, नियम चुकीचा असतो. या एका कपाटापुरती मुदत तीन महिने करा. मागणी दुसऱ्याकडून आली तर परत मागवा. त्यासाठी दोन-दोन प्रती ठेवा; एक घरी न्यायला, एक तिथेच बसून वाचायला.

दुसरं, ऐकत ऐकत वाचण्याची सवय आपल्या रक्तात आहे. पारायण, हरिपाठ, पोथी लावणं, हे सगळं सामूहिक वाचनच. ग्रंथालयात ते का होऊ नये? ‘गीता प्रवचने’ला अठरा रविवार लागले होते. अठरा रविवार, दर रविवारी एक तास, एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि अध्याय संपला की बोलायचं. अध्यक्ष नको, पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ अजिबात नको. ज्यांचे डोळे गेलेत त्या म्हाताऱ्या सभासदांना आणि ज्यांना वाचायला जड जातं अशा कामकरी माणसांना यातून पुस्तक मिळेल. पुढच्या फेरीला ‘स्मृतिचित्रे’ घ्या, मग ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’. एकच मंडळी तिन्ही फेऱ्यांना आली तर गावात काहीतरी घडेल, असं मला वाटतं. न आली तरी पुस्तकं वाचली गेलेली असतील.

तुमचे आक्षेपही मला माहीत आहेत. ‘या पुस्तकांना उठाव नाही.’ खरं आहे. पण खालच्या फळीवर, चिठ्ठी पुसलेल्या अवस्थेत उठाव कशाला असणार? वर्षभर समोर ठेवून बघा आणि मग देवघेव नोंदवही उघडा. ‘सभासद मागतात तेच घ्यावं लागतं.’ सभासद जाहिरातीत पाहिलेलं मागतात, कारण बाकी काही त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. आणि तिसरा आक्षेप, जो बैठकीत इतिवृत्तात लिहिला जात नाही: ‘हे पुस्तक ठेवलं तर कुणाच्या तरी भावना दुखावतील.’ फुले ठेवले की एक गट, पोथ्या ठेवल्या की दुसरा. म्हणूनच सगळी एकाच कपाटात ठेवा म्हणते. वेगवेगळ्या कपाटांत ती वेगवेगळ्या लोकांची मालमत्ता होतात. एकत्र असली की ती ग्रंथालयाची राहतात. कोणी तक्रार घेऊन आलं तर त्यांना दाखवा, त्यांचं पुस्तकही तिथेच आहे.

देणगीबाबत एक ठराव मात्र करून टाका. संस्थेने संच दिला तर त्यातलं एक पुस्तक ठेवू, बाकीचं सविनय परत, आणि देणगीदाराला हवं असेल तर आमच्या यादीतलं पुस्तक विकत घेऊन द्यावं. सुरुवातीला कोणी रागावेल. पण वाढदिवसाला शंभर-दोनशे रुपये ग्रंथालयाला देणारे लोक प्रत्येक गावात असतात. कुठलं पुस्तक हवं ते नेमकं सांगितलं की त्यांना उलट बरं वाटतं.

येत्या खरेदीच्या बैठकीत हा विषय ‘ऐनवेळचे विषय’मध्ये न ढकलता विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. समितीत वाचणारा एक तरी सभासद, आणि त्यातही एक बाई, असावी असं मी सुचवीन. ग्रंथपालांना मत असतं, ते विचारा. कपाट रोज उघडतात ते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तालुक्याच्या गावातील एक सभासद

ता. क. ‘स्मृतिचित्रे’ मागवताना आवृत्ती नीट बघून घ्या. संक्षिप्त आवृत्तीही विक्रीत आहे आणि विक्रेते स्वस्त म्हणून तीच पाठवतात. मागणीपत्रावर ‘संपूर्ण’ हा शब्द लिहा आणि त्याखाली रेघ मारा.